आधी हात

“आधी हात द्यायचा. आपलं बोट तिच्या मुठीत. मग सांगायचं, तोंड उघड. तिनं मूठ आवळली की थांबायचं. घाई केलीस तर चावेल, आणि चावली तर चूक तुझी, तिची नाही.”

म्हातारा गुळव्या सुनेला हे सांगायचा तेव्हा तो गुऱ्हाळाच्या हौदाशेजारी, फडकी धुवायच्या दगडावर बसलेला असायचा आणि समोर नात. नातीचं खरं नाव कुणी घेत नसे. आनंद झाला की ती जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून ती सगळ्यांची भिंगरी. अंगानं बारा वर्षांची, समजेनं तिनाची. बोलणं म्हणजे दोन-चार आवाज. ढेपेच्या फडक्याची धुतलेली पट्टी म्हातारा उजव्या बोटाला गुंडाळायचा, डावं बोट तिच्या मुठीत द्यायचा आणि एकेक दात असा पुसायचा, की जणू ते कुणाचे उसने आणलेत आणि तसेच परत करायचेत.

उकळता पाक आयुष्यभर बोटांनी तपासून त्याच्या बोटांची टोकं मेलेली होती. भिंगरी चावली तरी तो हसायचा. “चाव गं चाव. हे बोट कधीच गेलंय.”

गेल्या हंगामाच्या शेवटी तोही गेला. अंथरुणाला खिळल्यावर त्याचं बोलणं तुटक झालं होतं. त्यानं सुनेला जवळ बसवलं आणि म्हणाला, “काहील तो बघेल. हिचं तोंड तुझ्याकडे.”

“हो, बाबा,” ती म्हणाली होती.

तिला गुऱ्हाळावर सगळे वहिनी म्हणत. नवरा आता बापाच्या जागी गुळव्या झाला होता, काहिलीत, त्या मोठ्या कढईत, रस उकळून गूळ करणारा. वहिनीचं काम चिपाडं उन्हात पसरायची, वाळली की जाळायला काहिलीखालच्या चुलवाणापाशी वाहून आणायची आणि ढेपांची फडकी गरम पाण्यात धुवायची. सुरुवातीचे काही दिवस तिनं भिंगरीचे दात पुसले. पण तिचं बोट मेलेलं नव्हतं. एका सकाळी घाईत तिनं हात न देताच पट्टी तोंडात घातली आणि भिंगरीनं जबडा मिटला. नख काळंनिळं झालं. त्याच बोटानं गरम पाण्यात फडकी पिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग एक दिवस राहिलं. मग दुसरा. सोडून द्यायचं असं तिनं कधी ठरवलं नाही. आज नको, उद्या बघू, असं करता करता ते सुटलं.

देवाचं मात्र सुटलं नाही. पहाटे अंघोळ करून आणि संध्याकाळी पुन्हा दिवा लावायचा आणि ओठातल्या ओठात नाव घ्यायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. अंगात ताप असला तरी, कामाची कितीही ओढाताण असली तरी, त्यात खंड पडला नव्हता. लोक म्हणायचे, बाई देवमाणूस आहे.

आणि भिंगरी? ती रोज सकाळी आपल्या आपण दगडावर येऊन बसायची. तळहात वर करून पुढे धरायची आणि आईकडे बघत राहायची. डोक्यावर चिपाडांचा भारा असलेली वहिनी जाता जाता वाकायची, त्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची आणि सांगायची, “घे, आणि इथंच बस. काहिलीकडे यायचं नाही.”

म्हातारा असताना भिंगरीला गूळ द्यायची कुणाची छाती नव्हती. एरवी गुऱ्हाळावर आलेल्याला हातावर गूळ ठेवल्याशिवाय कुणी परत पाठवत नसे. पण नातीच्या बाबतीत म्हाताऱ्याचा नियम कडक. “तिला एकदा तोंडात धरला की गिळता येत नाही लवकर. दातांवर बसून राहतो,” तो सांगायचा. तो गेल्यावर नियमही गेला. आई देतेय म्हटल्यावर सगळेच द्यायला लागले. जाळ घालणारे काका तर म्हणायचे, “भिंगरीच्या तोंडाला खडा लावला की अर्धा दिवस शांतता. वहिनी, एक गुऱ्हाळाच्या मालकाच्या तोंडाला पण लावून बघा.”

सगळे हसायचे. वहिनीही हसायची.

या हंगामात ऊस शेतातच वाळायला लागला होता. वरचा पाऊस कमी, विहिरींनी तळ दाखवलेला, ज्याच्या त्याच्या उसाला घाई. घाणा थांबत नव्हता आणि चुलवाण विझू द्यायचं नाही असं मालकानं बजावलं होतं. एक काहील उतरली की दुसरी चढायची. गुळव्या उभ्या उभ्या जेवायचा. त्याच्या भुवयांचे केस आगीनं जळून आखूड झाले होते. वहिनीच्या मानेवर भाऱ्यानं घट्टा पडला होता.

त्या गडबडीत भिंगरी गालावर मारून घ्यायला लागली.

आधी अधूनमधून. मग सारखं. उजव्या हाताची मूठ करायची आणि उजव्या गालावर. जेवण पुढे ठेवलं की ताट ढकलून द्यायची. फिरणं बंद. रात्री कूस बदलत कण्हायची.

“काय झालंय हिला?” गुळव्यानं काहिलीवरची मळी काढता काढता विचारलं. मळी म्हणजे उकळत्या रसावर येणारी काळपट साय. ती वेळेवर काढली नाही तर गूळ काळा पडतो. म्हणून त्यानं मान वर केली नाही.

“हेका. दुसरं काय,” वहिनी म्हणाली. “बाबा गेल्यापासून हट्टी झालीय.”

“मारून घेऊ देऊ नको. डोळ्याला लागेल.”

मग वहिनीनं तिचे हात बांधले. ढेपेच्या फडक्याचीच पट्टी, मऊ, धुतलेली. मनगटांभोवती सैल गाठ. भिंगरीनं ओरडून गुऱ्हाळ डोक्यावर घेतलं. मग तिनं भिंतीला गाल घासायला सुरुवात केली. ऊस घेऊन आलेले लोक बघायला लागले तसं वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मुलीला ओढत खोपीत नेलं आणि दार लावून एक चापट दिली.

चापट उजव्या गालावर बसली. भिंगरी ओरडली नाही. तिनं श्वास आत घेतला आणि तो बराच वेळ बाहेरच आला नाही. चेहरा आधी पांढरा, मग लाल. वहिनी घाबरली. तिनं तिला छातीशी धरलं, तेव्हा गाल गळ्याला टेकला आणि तिला चटका बसल्यासारखं झालं. गाल भाजत होता. कातडी ताणलेली होती. आणि तोंडाला वास येत होता.

हा वास तिला ओळखीचा होता. दोन महिने तो तिच्या नाकात होता. तिला वाटायचं मळीच्या खड्ड्याचा वास आहे, आंबट, कुजट. गुऱ्हाळावर सगळ्यालाच तो वास असतो. तिनं गाठ सोडली. भिंगरीच्या मनगटांवर फडक्याची वीण उमटली होती.

सकाळी ढेपा घेऊन बाजारच्या गावाला जाणारा टेम्पो होता. गुळव्यानं काहिलीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

“मी नाही येऊ शकत,” तो म्हणाला. “काहील चढलीय.”

“मी नेते ना.”

“नीट बोल तिथं. घाबरू नको.”

निघताना वहिनीनं सवयीनं एक गुळाचा खडा फडक्यात बांधून घेतला. दवाखान्यात ओरडली तर हाताशी असावा म्हणून.

दातांचा दवाखाना एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद. भिंगरीला जिने आवडत नसत. प्रत्येक पायरीवर ती थांबायची आणि वहिनी मागून ढकलायची. वर बाकांवर माणसं बसलेली. आतून यंत्राचा बारीक कर्कश आवाज येत होता. तो ऐकला आणि भिंगरीनं दोन्ही कान झाकले, हुंकार सुरू केला, पुढे मागे झुलायला लागली. शेजारच्या बाईनं आपल्या मुलाला हळूच दुसऱ्या बाजूला घेतलं. मुलानं विचारलं, “ती असं का करते?” बाई म्हणाली, “बघू नये तिकडे.”

वहिनीनं जमिनीकडे बघितलं. आपल्या पायांना चिपाडांचा भुसा चिकटलाय हे तिला तेव्हा दिसलं.

मदतनीस बाई दारात आली. “ही तुमची? जरा शांत करा हो. आत पेशंट घाबरतोय.”

वहिनीनं फडक्याची गाठ सोडली आणि खडा मुठीत घेतला. पण समोर भिंतीवर मोठं चित्र होतं, एक दात, आतून पोखरलेला, आणि शेजारी मिठाईवर लाल फुली. ते समजायला अक्षरं यायची गरज नव्हती. खडा मुठीतच राहिला. फडक्यात परत ठेवावा तर लोक बघतील. मूठ मिटून तिनं ती मांडीखाली घेतली.

नाव पुकारलं. आत डॉक्टरीण होती, तरुण, आवाज मऊ. तिनं भिंगरीला खुर्चीत बसवायची घाई केली नाही. आरसा दाखवला, खुर्ची वरखाली करून दाखवली. भिंगरी टोकावर टेकली.

“कधीपासून दुखतंय?”

“दोन-तीन दिवस.”

“एवढंच? सूज बरीच आहे.” डॉक्टरणीनं वाकून गाल बाहेरूनच बघितला. “दात घासता का हिचे? का तीच घासते?”

वहिनीच्या मुठीत गूळ पाघळत होता. बोटांच्या फटीतून चिकट ओल मनगटाकडे चालली होती.

“मी घासते,” ती म्हणाली. “रोज.”

“गोड किती खाते?”

“गोड?” वहिनी थांबली. “नाही. गोड नाही देत आम्ही. तिच्या आजोबांनी सांगून ठेवलंय.”

एवढं बोलून झालं आणि भिंगरीनं तोंड उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरणीच्या हातातला छोटा आरसा तोंडाजवळ आलेला बघून तिनं तोंड आपणहून आ केलं, आणि तळहात वर करून हात आईकडे पुढे धरला.

वहिनी त्या तळहाताकडे बघत राहिली.

तोच हात. रोज सकाळी दगडावर पुढे येणारा. इथं गूळ नव्हता, काहील नव्हती, तरी तो तसाच पुढे आला होता आणि वर तोंड उघडं होतं. वर्षभर ही पोर गूळ मागत नव्हती. ती बोट मागत होती. आजोबाचं बोट. दात पुसायला बसली होती ती रोज, आणि आपण त्या हातावर...

“काय मागतेय ती?” डॉक्टरणीनं विचारलं.

बोट द्यायला हवं होतं. डावा हात मोकळा होता, पण बोट दिलं तर सांगावं लागलं असतं, हे काय, कुणी शिकवलं, मग आता कोण करतं. उजव्या मुठीतला गूळ सगळा बाहेर पडला असता.

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “तिची सवय आहे.”

“ओरबाडेल हो मॅडम,” मदतनीस बाई म्हणाली आणि तिनं भिंगरीचा हात मनगटाशी धरून खाली दाबला. बांधल्याच्या खुणांवरच.

मग जे झालं ते फार लवकर झालं. भिंगरी किंचाळली, पाय झाडले, ट्रे खाली गेला. डॉक्टरणीचं बोट चावलं गेलं. बाहेरच्या बाकावरचं मूल रडायला लागलं. “सोडा, सोडा तिला, जोर नाही करायचा!” डॉक्टरीण म्हणत होती. खुर्चीतून उतरलेली भिंगरी कोपऱ्यात जाऊन भिंतीला गाल लावून उभी राहिली. तिनं कपड्यातच लघवी केली होती.

मदतनीस बाई पोछा घेऊन आली. वहिनी म्हणाली, “द्या, मी पुसते.” ती खाली बसून फरशी पुसायला लागली तेव्हा तिच्या मुठीचा चिकट ठसा पांढऱ्या फरशीवर उमटला. तो तिनं आधी पुसला.

डॉक्टरणीनं हातमोजा काढून बोट धुतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“बसा,” ती म्हणाली. “तोंड उघडलं तेवढ्यात मी थोडं बघितलं. उजवीकडच्या दोन दाढांत पू आहे. त्या वाचणार नाहीत. सूज उतरायला औषध देते. नंतर मोठ्या दवाखान्यात भूल देऊन काम करावं लागेल. मी तिथं जाते आठवड्याला.” ती जरा थांबली. “प्रश्न बाकीच्यांचा आहे. पुढचे चार आणि डावीकडचे, सगळे किडायला लागलेत. भरून वाचवता येतील. पण सारखी सारखी भूल देता येत नाही. एकदाच काय ते ठरवावं लागतं. आई रोज घासते, गोड मुळीच नाही, आणि तरी हे असं असेल, तर हिचे दातच मुळात कच्चे आहेत. भरले तरी टिकणार नाहीत. मग पुन्हा पू, पुन्हा ताप. त्यापेक्षा एकदाच सगळे काढलेले बरे.”

“सगळे?”

“किडलेले सगळे. पुढचेही. वाईट वाटून घेऊ नका. तुमचा काही दोष नाही यात. तुम्ही करताय तेवढं फार कमी आया करतात.”

वहिनीनं मान हलवली. हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिनं मूठ उघडली. खडा राहिलाच नव्हता. बोटं एकमेकांना चिकटली होती. नळाखाली हात धरला तरी नखांत गूळ राहिला.

गुऱ्हाळावर सगळे वाट बघत होते. गुळव्यानं काहील दुसऱ्याच्या हाती दिली आणि चुलवाणापासून बाजूला आला.

“काय म्हणाली?”

“दातच कच्चे आहेत म्हणाली.” वाक्य तयारच होतं, ते सरळ बाहेर पडलं. “काढावे लागतील. पुढचे पण.”

गुळव्यानं भिंगरीचा गाल बघितला. मग म्हणाला, “म्हणजे जन्माचंच. आपण काय करणार?” त्याच्या आवाजात दुःख होतं आणि थोडी सुटकाही होती. जाळवाले काका चिपाडाचा पेंढा आत लोटत म्हणाले, “वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्या पोरीचं करता तसं सख्खी आईसुद्धा...” आणि मग आपली चूक कळून त्यांनी जीभ चावली. “म्हणजे तुम्ही सख्ख्याच, पण कळलं ना?”

बायका हसल्या. वहिनीनं भारा उचलला.

त्या संध्याकाळी दिव्यापुढं बसल्यावर तिच्या ओठांवर नाव आलं नाही. ती हात जोडून बसली आणि जोडलेल्या हातांचा वास घेत राहिली.

औषधानं गाल उतरला. भिंगरी भात खायला लागली. एका दुपारी, काहील उतरत असताना, ती अंगणात एकदाच गरगर फिरली आणि सगळ्यांनी आरोळी ठोकली. काकांनी कौतुकानं ताज्या गुळाचा खडा उचलला, फुंकून गार केला आणि तिच्या हातावर ठेवला.

वहिनी पलीकडे चिपाडं पसरत होती. ती धावत आली आणि तिनं भिंगरीच्या हातावर फटका मारला. खडा मातीत पडला. भिंगरी रिकाम्या तळहाताकडे बघत राहिली.

“कुणी द्यायचा नाही हिला गूळ!” वहिनीचा आवाज तिचाच तिला अनोळखी वाटला. “कळतं का कुणाला काही? पोरीचे दात गेले तरी तुमची थट्टा संपेना.”

घाण्यावरचा माणूसही थांबला. काका हळूच म्हणाले, “वहिनी, चुकलं असेल. पण हात तर तुमचाच पहिला पुढे असायचा. तुम्ही देत होता म्हणून आम्ही दिला.”

ते रागानं म्हणाले नव्हते. खाली वाकून त्यांनी मातीतला खडा उचलला आणि चुलवाणात टाकला. गुळव्यानं ऐकलं होतं. त्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत घोळला, आणि बोटांत घोळतच राहिला. थेंब केव्हाच कडक झाला होता.

त्या दिवशीच्या ढेपा जरा काळ्या उतरल्या. मालक येऊन टोचून गेला, “गुळव्या, लक्ष कुठंय? म्हाताऱ्याचा हात नाही आला तुला.”

गुळव्यानं काळ्या ढेपा बाजूला लावल्या. जेवताना त्यानं वहिनीला काही विचारलं नाही. ताट पुढे ओढलं, चार घास खाल्ले आणि हात धुतला. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तो विचारत नव्हता, हे तिला जास्त जड गेलं.

पहाटे तिनं अंघोळ केली. दिव्यात वात घातली, पण काडी ओढली नाही. फडक्यांच्या गाठोड्यातून तिनं एक नवी पट्टी फाडली, पाण्यात उकळली आणि हौदावर आली. डॉक्टरणीनं औषधांबरोबर मऊ केसांचा छोटा ब्रशही दिला होता, तो तिनं कमरेला खोचला.

भिंगरी दगडावर आधीच बसलेली होती. आई येताना दिसली तसा तिनं तळहात वर केला, पण काल फटका बसल्याचं आठवलं असावं, कारण तो तिनं अर्धाच पुढे आणला आणि परत पोटाशी घेतला.

वहिनी समोर बसली. दगड थंडगार होता. तिनं डावं बोट पुढे केलं आणि तसंच धरून ठेवलं. भिंगरी बघत राहिली. घाण्याचा आवाज सुरू झाला, बैलासारखं हुंकारत यंत्र फिरायला लागलं. भाऱ्याची वेळ झाली होती. वहिनी उठली नाही.

मग भिंगरीनं बोट धरलं. घट्ट, सगळ्या मुठीनं. आणि तोंड उघडलं.

वास आला. वहिनीनं तोंड फिरवलं नाही. सकाळचं ऊन तिरपं आत पडलं होतं आणि तिला पहिल्यांदा सगळं दिसलं. हिरड्यांच्या कडेला तपकिरी रेघा, पुढच्या दातांना उंदरानं कुरतडल्यासारख्या खाचा. आत मागे ते दोन काळे खुंट. म्हातारा गेला तेव्हा हे तोंड स्वच्छ होतं. एका वर्षाचं काम होतं हे. तिचं स्वतःचं.

तिनं पट्टीनं डावीकडून सुरुवात केली. फडक्यावर रक्त आलं. मूठ आवळली. ती थांबली. मूठ सैल झाली. ती पुन्हा पुसायला लागली. एकदा उजवीकडे जास्त आत गेली तेव्हा भिंगरीचा जबडा मिटत आला, दात बोटावर टेकले. वहिनीनं हात ओढला नाही. “चाव,” ती हलकेच म्हणाली. “माझं बोट आहे अजून जिवंत. चाव.”

भिंगरी चावली नाही. टेकवलेले दात तिनं परत उघडले.

नंतर ब्रश दाखवला. भिंगरीनं तो हातात घेतला, हुंगला, आईच्या गालावर घासला आणि खळखळून हसली. त्या हसण्यात तिचे पुढचे चारही दात दिसले. किडलेले, खाच पडलेले, पण होते.

वहिनीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मोठ्या दवाखान्यातला दिवस जवळ आला होता. बाजारच्या गावाला जाणारा टेम्पो अंगणात ढेपा भरून घेत होता.

ती काहिलीपाशी गेली. गुळव्या मळी काढत होता. वाफेत त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“अहो.”

“हं.”

“तिचे दात कच्चे नाहीत.”

त्याचा झारा थांबला नाही. “मग?”

“मी खोटं बोलले तिथं. रोज घासते म्हणाले. गोड देत नाही म्हणाले. म्हणून डॉक्टरीण सगळे काढायला निघालीय. खरं सांगितलं, आणि आता रोज करीन म्हटलं, तर पुढचे वाचतील. काढून झाल्यावर सांगून काय उपयोग?”

गुळव्यानं मळी बादलीत टाकली. रस फुगून वर येत होता. त्यानं जाळ कमी करायची खूण केली. काकांनी चिपाडं मागे ओढली.

“मलाही दिसत होतं,” तो म्हणाला. “तू दगडावर बसत नव्हतीस ते. मी बोललो नाही. पोर गप्प बसायची, माझं काम व्हायचं.” त्यानं बाहीनं डोळे पुसले, घाम किंवा आणखी काही. “थांब जरा. ही काहील उतरू दे. मी येतो बरोबर.”

“नको. टेम्पो निघेल. आणि खोटं मी बोललेय. मलाच परत घ्यावं लागेल.”

“रागावेल ती.”

“रागावू दे.”

“लोक असतील तिथं.”

“असू देत,” ती म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की घाण्याच्या आवाजात त्याला तो ओठांवरूनच कळला असावा.

परत खोपीत जाऊन तिनं आधी काडी ओढली. दिवा लागला. नाव घ्यायला ती बसली नाही. उभ्यानंच हात जोडले आणि बाहेर आली. फडक्यात तिनं या वेळी फक्त ब्रश आणि रक्ताचे डाग पडलेली पट्टी बांधली. पट्टी दाखवायची होती.

काका टेम्पोच्या फळीपाशी उभे होते. तिच्याकडे न बघता त्यांनी दोन ढेपा सरकवून बसायला जागा केली.

“भिंगरीला आज आणखी काय?” त्यांनी विचारलं. “पुन्हा औषध?”

“नाही. एक सांगायचं राहिलंय,” वहिनी म्हणाली.

भिंगरी टेम्पोपाशी आली, त्या उंच फळीकडे बघून थांबली आणि कान झाकायला तिनं हात वर नेले. वहिनीनं मागून ढकललं नाही. ती आधी स्वतः वर चढली, फळीच्या कडेशी गुडघ्यांवर बसली आणि डावं बोट खाली धरलं.